मोफतचे तीस घोडे

पुण्यात गाडीवेड्यांच्या चहाच्या टेबलावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘अरे, कंपनीनंच इंजिन दाबून ठेवलंय. इंजिनाच्या संगणकात एक फाइल टाकली की तीस घोडे मोकळे!’ त्याच टेबलावर एखादे काकाही असतात. ‘कंपनीच्या इंजिनियरांना काय अक्कल नव्हती? हात लावलास की इंजिन बसलंच समज.’ माझं भांडण दोघांशी आहे, पहिल्याशी अंमळ जास्त.

पहिल्याकडे पुरावा नाही असं नाही. 2017 साली आलेल्या बलेनो आरएसचं एक लिटरचं बूस्टरजेट इंजिन इथे 102 पीएसचं होतं, युरोपातल्या बलेनोत तेच 111 पीएसचं. म्हणजे दाबलेलं होतंच की! पण तिकडच्या पंपावर साधं पेट्रोल 95 ऑक्टेनचं मिळतं, आपल्याकडे तेव्हा 91चं मिळायचं. शिवाय कंपनीला तीच गाडी नागपूरच्या मे महिन्यात, ऑइल बदलायला विसरणाऱ्या मालकाच्या हातीही टिकवायची असते. लपवलेला माल म्हणून ज्याकडे बोट दाखवतात, ती उन्हाळ्याची बेगमी असते.

उन्हाळा म्हणजे नेमकं काय, ते पाहू. बाहेर 35 अंश असताना टर्बोनं हवा दुप्पट दाबली, तर ती साधारण 130 अंशांपर्यंत तापते. इंटरकूलर ती पुन्हा थंड करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. मुंबईत बसवलेली तीच फाइल घेऊन महाबळेश्वर चढलात, तर तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 86 टक्के. तोच बूस्ट गाठायला टर्बोला हवा 2.3 पट दाबावी लागते आणि बाहेर तेवढेच अंश असतील तर तापमान दीडशेच्या पुढे सरकतं. घाट चढताना वेग कमी असल्यानं इंटरकूलरला वाराही कमी लागतो. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या रोलरांवर, पंख्यासमोर काढलेल्या ग्राफात हा घाट कुठेच नसतो.

तापलेल्या हवेत मिश्रण आपोआप भडकून ठोके बसतात, त्यालाच नॉकिंग म्हणतात. ‘पण नॉक सेन्सर आहे ना?’ असा पुढचा सवाल येतो. आहे, पण तो नॉकिंग झाल्यावर ऐकतो, मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा पाडतो. छोट्या, थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांचा खरा काळ वेगळाच आहे. दीड-दोन हजार फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की कधी कधी मिश्रण ठिणगी पडण्याआधीच पेटतं. ठिणगीच्या आधी जे घडलं त्याला ठिणगी पुढेमागे करून काय फरक पडणार? असा एक फटकाही पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तोडू शकतो. आणि गंमत पाहा, स्वस्तातल्या फायली नेमक्या याच टप्प्यात टॉर्क कोंबतात, कारण चाचणीच्या फेरीत तोच ‘पिकअप’ म्हणून पाठीला जाणवतो.

वायरिंगच्या मध्ये खोचायच्या डब्यांबद्दल तर न बोललेलंच बरं. बूस्ट आहे त्यापेक्षा कमी असल्याचं तो डबा ईसीयूला सांगतो. ईसीयू बिचारा बूस्ट वाढवतो, पण ठिणगीची वेळ त्या खोट्या आकड्यावरूनच ठरवतो. थर्मामीटर बर्फात बुडवून ताप उतरवण्याचाच हा प्रकार.

मग काकांचं खरं मानायचं? नाही. चाकणला बनलेली 1.2 लिटरची पोलो जीटी टीएसआय घ्या. 105 पीएस, 175 न्यूटनमीटर. तिचा सात गिअरांचा कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स 250 न्यूटनमीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला. म्हणजे वाव आहे, तो वापरायचा कुठे हा प्रश्न. 5000 फेऱ्यांवर 105 पीएस याचा अर्थ टॉर्क तिथे 147वर उतरलेला. तो तिथेही 175वर धरून ठेवता आला, तर ताकद 125 पीएसच्या घरात जाते, आणि शिखराचा टॉर्क एका न्यूटनमीटरनंही वाढवावा लागत नाही. क्लचवर जादा जोर नाही, खालच्या फेऱ्यांतला तो फटकाही वाढत नाही. किंमत मोजावी लागते वरच्या टोकाला. तिथे छोटा टर्बो धापा टाकू लागतो, हवा तापते, एक्झॉस्ट तापतो. म्हणून मोठा इंटरकूलर आधी, फाइल नंतर.

त्याच्याही आधी ऑइल. एपीआय एसपी दर्जाच्या ऑइलला अकाली पेटण्याची चाचणी पार करावी लागते, आणि फाइलच्या हजारो रुपयांपुढे त्याची किंमत काहीच नाही. नवे प्लग, चांगले टायर, ब्रेक पॅड ही यादी कंटाळवाणी आहे, मान्य. तिचे फोटो मित्रांना पाठवता येत नाहीत.

‘आता ई20मुळे ऑक्टेन वाढलाय’ हाही युक्तिवाद अर्धाच खरा. ई20 पेट्रोलमधलं इथेनॉल नॉकिंगला आवरतं, पण शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत तेवढ्याच हवेला सुमारे 8 टक्के जास्त इंधन लागतं. तुम्ही हवा 25 टक्के वाढवली असेल, तर इंजेक्टरांकडून 35 टक्के जास्त मागता आहात. ते देतात की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

कायद्याचंही एक वाक्य. मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरफाराला मनाई करतं. वॉरंटी आणि विमा यांचं काय होईल ते फाइल टाकण्याआधी विचारा, अपघातानंतर नको. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाका म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा.

एवढं करून ट्यूनरकडे गेलात, तर त्याला शिखराचा आकडा विचारू नका. एप्रिलच्या दुपारी, तिसऱ्या गिअरमध्ये, घाटात घेतलेला लॉग मागा. आत शिरणाऱ्या हवेचं तापमान किती, प्रत्येक सिलिंडरची ठिणगी ईसीयूनं किती मागे ओढली, मिश्रण किती पातळ झालं, हे त्यात दिसलं पाहिजे. लॉग देत नसेल, तर किल्ली त्याच्या हातात देऊ नका.