भूखंडाने नगर वसत नाही

अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील गावे ओस पडू लागली, तेव्हा कॅन्सस राज्यातील लिंकनसारख्या गावांनी एक युक्ती काढली : ठरलेल्या मुदतीत घर बांधा आणि भूखंड फुकट घ्या! याच प्रदेशात 1862च्या कायद्याने 160-160 एकर जमिनी वाटल्या गेल्या होत्या, त्याही मूळ रहिवाशांना हुसकावून. ज्या जमिनीसाठी एका पिढीने धाव घेतली, तीच पुढच्या पिढ्यांना धरून ठेवू शकली नाही.

असला प्रयोग आपल्या ओस पडणाऱ्या खेड्यांत करावा असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी जयसिंगपूरला जाऊन यावे. राजर्षी शाहू छत्रपतींनीही व्यापाऱ्यांना सवलतीने जागा दिल्या. 1895 साली कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली आणि पुढे 1917च्या सुमारास शिरोळ भागात पिताजींच्या नावे जयसिंगपूर उभे केले. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. आजही नवख्या माणसाला तेथे पत्ता शोधताना अडचण पडत नाही. पण हे नगर जागेच्या स्वस्ताईवर वसले काय? मिरज-कोल्हापूर लोहमार्ग 1891 पासून धावत होता; त्याच्या कडेला, शेतमाल पिकणाऱ्या मुलखात ही बाजारपेठ मांडली गेली. माल आणणारा शेतकरी, घेणारा अडत्या आणि नेणारी गाडी या तिघांची गाठ तेथे पडत होती. शिवाय त्याच 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय झाला. भूखंड हा या साऱ्यातला शेवटचा धागा होता, पहिला नव्हे.

आता त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडे पाहावे. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड येथील तरुण जमीन महाग म्हणून मुंबई-पुण्याची वाट धरतो काय? त्याच्या बापाच्या नावे सातबारा आहे, डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे. नाही ते काम, जवळचे चांगले महाविद्यालय, रात्री-अपरात्री दार उघडणारा दवाखाना. आजोबा गिरणीत गेले, 1982च्या संपाने गिरण्यांचा कणा मोडला, तरी नातू पुन्हा त्याच गाडीत बसतो! आणि सरकारी उत्तर काय, तर माळावर आखणी करायची, फलक उभारायचा आणि कारखानदाराची वाट पाहायची.

दरवर्षी 26 जूनला महाराजांच्या पुतळ्यास हार घालणाऱ्यांची वाण नाही. त्यातल्या किती जणांनी मंत्रालयात जाऊन विचारले की, आजऱ्याच्या काजूला आणि चंदगडच्या रताळ्याला तालुक्यातच पुरेशी प्रक्रिया का मिळू नये? वैभववाडी-कोल्हापूर रेल्वेच्या घोषणा ऐकून एक पिढी म्हातारी झाली. ती गाडी गगनबावड्याचा घाट उतरेल, तेव्हा भूखंडांच्या सवलतीची भाषा खुशाल करावी. तोवर तेथे कुलपे तेवढी वाढतील. गणपतीला चार दिवस उघडतील, पाचव्या दिवशी पुन्हा लागतील.