आधी खात्री, मग खबर

“सर, दुसऱ्या ग्रहावरच्या लोकांनी रेडिओवरून निरोप पाठवलाय, हे खरं का?” नववीतल्या एका मुलाने परवा विचारले. मोबाईलवर कुठेतरी त्याने पाहिले होते. आम्ही त्याला खरी हकिकत सांगितली.

२०१९च्या एप्रिल-मे महिन्यांत ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याचा वेध घेत होती. सूर्य सोडला तर हा आपला सर्वांत जवळचा तारा, तरी त्याचा प्रकाश इथे पोहोचायला चार वर्षांहून जास्त काळ लागतो. पुढच्या वर्षी त्या नोंदी तपासताना एका विद्यार्थ्याला ९८२ मेगाहर्ट्झवर एक संकेत आढळला. दुर्बीण ताऱ्याकडे असली की तो दिसे, बाजूला वळवली की दिसेनासा होई. डिसेंबर २०२०मध्ये ही बातमी फुटली आणि जगभर गाजली.

शास्त्रज्ञ मात्र घाईने काही बोलले नाहीत. हा आपल्याच पृथ्वीवरचा गोंधळ तर नाही ना, असा संशय त्यांनी आधी घेतला. सगळ्या नोंदी पुन्हा चाळल्या. तेव्हा तसेच सुमारे ६० संकेत सापडले आणि त्यांतले काही दुर्बीण दुसरीकडे असतानाही येत होते. म्हणजे ते माणसाच्याच कुठल्यातरी उपकरणाचे होते. ऑक्टोबर २०२१मध्ये त्यांनी हे जाहीर केले.

याच पार्क्समध्ये काही गूढ रेडिओ संकेतांनी अनेक वर्षे कोडे घातले होते. २०१५मध्ये उलगडा झाला. तिथला मायक्रोवेव्ह ओव्हन थांबण्याआधीच कोणी दार उघडले की ते उमटत!

वर्ग खळखळून हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. गेल्या वर्षी मोहल्ल्याच्या ग्रुपवर फोटोसह मेसेज आला होता, की आपल्या गल्लीतल्या दूधवाल्याच्या दुधात भेसळ आहे. आम्ही तो रात्रीच तीन ग्रुपवर पुढे पाठवला. नंतर कळले, तो फोटो दुसऱ्याच गावचा आणि जुना होता. तोवर आठ दिवस त्या बिचाऱ्याचे दूध कोणी घेतले नव्हते. माफी मागायला गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, “सर, माझं दुकान तुमच्या दारापासून चाळीस पावलांवर आहे. एकदा येऊन विचारायचं होतं.”

इतक्या दूरच्या ताऱ्याची खबरही तहकीक केल्याशिवाय त्या लोकांनी खरी मानली नाही. आम्हाला चाळीस पावले चालवली नाहीत.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे. कोणाच्या इज्जतीची किंवा रोजीची गोष्ट असलेला मेसेज आला, की आधी त्या माणसाला विचारायचे. विचारता आले नाही, तर मेसेज आपल्याजवळच थांबवायचा. आमची धाकटी आता आम्हालाच टोकते, “अब्बा, विचारलंत का?” तुमच्याही घरात हा नियम करून पाहा.