परदेशी प्रवेशाचा हिशेब कोणी मांडायचा?

कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग जुन्नर तालुक्याची हद्द ओलांडण्यापूर्वी आणे ह्या गावावरून जातो. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे जुन्नर व आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत उभी राहिली; परंतु कालव्याचे पाणी उंचावरील आणे पठारावर चढले नाही. पाण्याचे जे झाले तेच माहितीचेही होते आहे. बेल्हे, कुरण, अवसरी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण आता घराजवळ आले. साहजिकच पठारावरील शेतकऱ्याचा मुलगाही पदवीच्या शेवटच्या वर्षी अमेरिकेचे वा जर्मनीचे नाव घेऊ लागला आहे. ‘प्रवेश मिळण्याची शक्यता किती?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. त्याला उत्तर देणारा मात्र बहुधा असा मध्यस्थ असतो, की ज्याची कमाई विद्यार्थी जाण्यावरच अवलंबून असते.

ही आकांक्षा नवी नव्हे. केशव मल्हार भट हे पुण्याचे गृहस्थ 1882 मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले, आणि 1884 मध्ये पुण्याच्याच ‘मराठा’ साप्ताहिकाने त्या संस्थेचा आदर्श देशापुढे ठेवला. 1892 मध्ये जमशेटजी टाटांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला. त्या काळी जाणारे मोजके होते आणि त्यांची निवड जाणत्यांच्या नजरेखाली होत असे. आज जाणाऱ्यांची संख्या प्रचंड आहे, पण जाणत्यांची नजर हरपली आहे.

2023-24 ह्या वर्षी अमेरिकेत 3,31,602 भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांपैकी 1,96,567 पदव्युत्तर वर्गांत शिकत होते. हे आकडे पाहून ‘एवढे गेले, मग आपणही जाऊ’ असे कोणासही वाटेल. परंतु अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल, की शक्यता हा अपूर्णांक आहे. अंश ठाऊक असून छेद ठाऊक नसेल तर त्याला अर्थ नाही. किती जणांनी अर्ज केले, कोणत्या गुणांवर केले, कितींना नकार आला, हे कोण सांगतो? शिकवणी वर्गाच्या फलकावर झळकतात ते यशस्वी चेहरे. नकाराच्या पत्राचा फलक कोणी लावीत नाही. केवळ यशस्वितांच्या यादीवरून काढलेले अनुमान हे अनुमान नसून जाहिरात होय.

दुसरा भ्रम गुणांचा. जीआरई परीक्षेच्या गणिती विभागात 170 पैकी 168 मिळाले म्हणजे दार उघडले, असे समजले जाते. वास्तविक अभियांत्रिकीकडे येणाऱ्या असंख्य उमेदवारांचे गुण त्याच टोकाशी गर्दी करतात, म्हणून त्यांतून निवड करण्यास ते फारसे उपयोगी पडत नाहीत. 2020 नंतर तर अनेक विभागांनी ही परीक्षा ऐच्छिक केली वा वगळली. जर्मनीत गुणांचे रूपांतर सूत्राने होते: दहापैकी 8.5 श्रेणी आणि उत्तीर्णतेची किमान श्रेणी 4 धरली, तर तेथील मापाने ती 1.75 होते. त्या मापात 1 सर्वोत्तम आणि 4 काठावरची. एवढा हिशेब कोणताही विद्यार्थी फुकट करू शकतो. त्यासाठी सल्लागाराची पायरी चढण्याचे कारण नाही.

चुरशीच्या ठिकाणी निवड समिती गुणांपलीकडे पाहते. उमेदवाराने कोणता प्रश्न स्वतः हाताळला, त्याच्या गुरूने त्याच्याविषयी नेमके काय लिहिले, ह्यांवर तेथे निर्णय ठरतो. ह्याचे उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीवर निरीक्षणाचा वेळ मिळावा म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवतात. समिती प्रस्तावातील कल्पनेचा कस पाहते. प्रस्तावकाची गुणपत्रिका मागत नाही. उलट आपल्याकडे शिफारसपत्र हा ठरावीक मजकूर होऊन बसला आहे. बरेचदा विद्यार्थीच ते लिहून आणतो आणि प्राध्यापक स्वाक्षरी करतात. एकाच साच्यातील अशी पत्रे वाचणाऱ्या समितीने त्यांवर विश्वास का ठेवावा?

तिसरी गोष्ट प्रवेशाच्या किमतीची. अमेरिकेत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला सामान्यतः शुल्कमाफी व विद्यावेतन मिळते. म्हणून त्या जागा प्राध्यापकांच्या संशोधन निधीने बांधलेल्या आणि दुर्मिळ असतात. एम.एस.चा विद्यार्थी बहुधा स्वतःचे पैसे भरतो, आणि अनेक विद्यापीठांना ते उत्पन्न हवेच असते. तेव्हा सुलभपणे मिळालेला प्रवेश हे प्रत्येक वेळी गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र नसते. कित्येकदा ती केवळ विक्रेत्याची संमती असते. प्रश्न ‘मिळेल काय’ एवढाच नसून ‘कोणत्या किमतीला’ हाही आहे.

‘दहा ठिकाणी अर्ज करा, एक तरी लागेलच’ हा उपदेशही तपासून घ्यावा. प्रत्येक ठिकाणी दहा टक्के शक्यता धरली आणि निर्णय परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर निदान एक प्रवेश मिळण्याची शक्यता पासष्ट टक्के येते. परंतु ते निर्णय स्वतंत्र नसतात. दहाही समित्या तीच गुणपत्रिका आणि तीच शिफारसपत्रे वाचतात. एकीला जे उणे दिसले ते दुसरीलाही दिसते. प्रत्यक्ष शक्यता त्यामुळे बरीच कमी असते. खर्च मात्र पूर्ण दहापट होतो. अर्जामागे साधारण 75 ते 125 डॉलर, शिवाय परीक्षांचे शुल्क निराळे. पठारावरील कोरडवाहू कुटुंबाला नुसत्या अर्जांचा हा खर्च एखाद्या हंगामाच्या उत्पन्नाएवढा पडू शकतो.

त्यापुढे कर्ज. साडेसात लाखांपुढील शैक्षणिक कर्जाला बँका सामान्यतः तारण मागतात. आण्याच्या कुटुंबाची मालमत्ता म्हणजे शेतजमीन. आणि 2002 च्या कर्जवसुली कायद्याच्या जप्तीतून शेतजमीन वगळलेली असल्याने बँका ती तारण घेण्यास नाखूष असतात. शेतकऱ्याच्या रक्षणाची ही तरतूद योग्यच आहे. पण तिचा परिणाम असा, की शहरातील सदनिकाधारकाच्या मुलाला स्वस्त कर्ज मिळते आणि शेतकऱ्याचा मुलगा चढ्या व्याजाच्या खाजगी वित्तसंस्थेकडे वळतो. एकाच प्रवेशपत्राची किंमत दोघांना वेगळी पडते. शक्यतेचा चुकीचा अंदाजही ज्याच्याजवळ कमी आहे त्यालाच अधिक भोवतो.

ह्यावर कोणी म्हणेल, की असा हिशेब मांडल्याने ग्रामीण मुलांचा उत्साह खचेल. हे खरे नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले; आज अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जर्मनीतील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही; मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात 2017 पासून आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात 2024-25 पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना ते लागू झाले आहे. हे मार्ग आणि हे अपवाद दोन्ही वेळेवर कळले, तर खरा होतकरू विद्यार्थी अधिक धीटपणे पाऊल टाकील.

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने दरवर्षी एक नोंदवही ठेवावी: किती माजी विद्यार्थ्यांनी कोठे अर्ज केले, त्यांची श्रेणी काय होती, होकार किती, नकार किती, अर्थसाहाय्य कितींना. नावे वगळून ती ग्रंथालयात खुली ठेवावी, आणि विद्यापीठाने सर्व महाविद्यालयांच्या नोंदी एकत्र करून प्रसिद्ध कराव्यात. पाच वर्षांत असा छेद हाती येईल की ज्यापुढे फलकावरील चेहऱ्यांची मातब्बरी उरणार नाही. प्राध्यापकांनीही शिफारसपत्र स्वतः लिहावे आणि जेथे लिहिण्यासारखे काही नाही तेथे नम्रपणे नकार द्यावा. पठारावर कालव्याचे पाणी चढविणे कठीण खरे. माहिती पोचविण्यास मात्र कोणत्याही चढाची अडचण नाही.