थ्रॅशला एक छबिलदास द्या

थ्रॅश मेटल वाजवणाऱ्या गिटारवादकाचा उजवा हात एकदा जवळून बघा. तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर टेकलेली असते आणि पिक सगळ्यात जाड तारेवर खाली, खाली, पुन्हा खाली पडत राहतं. तार दाबलेली असल्यामुळे स्वर लांबत नाही. शिवणयंत्रासारखे नुसते टाके पडत जातात, घट्ट आणि सारख्या अंतराचे. दोन-चार मिनिटांत मनगट भरून येतं. हे दोन गिटारींना ड्रमच्या भन्नाट लयीत एकाच क्षणी जमायला हवं असेल, तर माणसांनी वर्षानुवर्षं एका खोलीत बसून वाजवावं लागतं. त्याला दुसरी वाट नाही.

बेंगळुरूच्या क्रिप्टॉस या बँडबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी. १९९८ मध्ये नोलन लुईस आणि गणेश कृष्णस्वामी यांनी तो सुरू केला. पहिला अल्बम, ‘स्पायरल असेंट’, यायला २००४ उजाडलं. ‘द आर्क ऑफ जेमिनी’ २००८ चा. सुरुवातीची गाणी लांब, वळणावळणाची होती. ‘बर्न अप द नाइट’पर्यंत (२०१६) येता येता त्यांनी सगळी चरबी उतरवली. दोन गिटारी हातात हात घालून सुरेल चालतात आणि त्यावर लुईसचा खरबरीत, घशातून खरवडून काढलेला आवाज. हे थ्रॅश की जुन्या वळणाचं हेवी मेटल, यावर वाद घालणाऱ्यांनी तो खुशाल घालावा. मला तो उजवा हात ओळखू येतो.

२०१० मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर गेले. २०१३ मध्ये उत्तर जर्मनीतल्या वाकेन या लहानशा गावात भरणाऱ्या मेटलच्या जत्रेत वाजवून आले. वादक बदलले, बँड टिकला. २०२४ मध्ये ‘डेसिमेटर’ आला, तोही जर्मनीच्या एएफएम रेकॉर्ड्सकडून. सव्वीस वर्षं! सिनेमाच्या गाण्यांवर चालणाऱ्या या देशात हे सोपं नाही. पण आपल्या बँडचा अल्बम जर्मनीनं काढावा, याची मला खंतही वाटते.

आपल्याकडे अडतं ते जागेपाशी. मुंबईत धोबीतलावला रंगभवन होतं. इंडिपेंडन्स रॉक या रॉक संगीताच्या महोत्सवाला ते उघडं नाट्यगृह फुलून जायचं. आसपास रुग्णालय, कॉलेज. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि ते मुकं झालं. नियम चूक नव्हता, आजारी माणसाला झोप हवीच. मात्र त्याच्या बदल्यात दुसरी जागा देणं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहानं सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकाला काय दिलं? परवडणारी जागा आणि समोर मोजके, पण जाणते प्रेक्षक. एवढ्यावर एक पिढी घडली. महापालिकांनी आपल्या एखाद्या बंदिस्त नाट्यगृहात आवाज बाहेर जाणार नाही अशी सोय करावी आणि महिन्यातली एक बुधवारची संध्याकाळ प्रायोगिक नाटकाला मिळते तशा सवलतीत मेटल वाजवणाऱ्या पोरांना द्यावी. तिकीट शंभर-दीडशे रुपये ठेवावं. आणि ड्रमसेट कायमचा तिथंच असू द्यावा. टॅक्सीच्या टपावर दोरीनं बास ड्रम बांधून, पावसात त्यावर प्लॅस्टिक धरून बसलेली पोरं मी पाहिली आहेत.