लंकेचे दोन पावसाळे

दीपावलीला वहीपूजन होते, जुन्या वर्षाचा हिशेब मिटतो आणि व्यापारी कुटुंबांत प्रवासाचा विषय निघतो. चातुर्मासात दूरचे जाणे टाळणारी अनेक घरे हाच काळ धरतात. पाऊस सरलेला असतो, वाटा कोरड्या झालेल्या असतात, साधुसाध्वींचा विहारही याच सुमारास पुन्हा सुरू होतो. महाराष्ट्रापुरता हा हिशेब अचूक आहे. श्रीलंकेला जावयाचे असेल, तर मात्र तो उलटा पडतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हेच त्या बेटावर सर्वदूर पावसाचे महिने होत.

याचे कारण बेटाच्या रचनेत आहे. श्रीलंकेच्या मध्यभागी, किंचित दक्षिणेकडे, उंच डोंगरांचा समूह असून त्यातील पिदुरुतलागल हे शिखर 2,524 मीटर उंच आहे. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिमेकडून येऊन या डोंगरांना अडतात. कोलंबो, गॉल, रत्नपुरा येथे पाऊस कोसळतो आणि त्याच वेळी पलीकडच्या त्रिंकोमालीला कोरडा, तप्त वारा वाहतो. महाबळेश्वर पावसात न्हात असताना फलटण कोरडे राहावे, तसाच हा प्रकार. पुढे डिसेंबर ते फेब्रुवारी वारे दिशा पालटून ईशान्येकडून येतात. तेव्हा पूर्व किनारा भिजतो आणि पश्चिम व दक्षिण किनाऱ्यांवर स्वच्छ ऊन पडते. या दोन ऋतूंमधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे, क्वचित वादळेही, बेटावर येतात. 23 नोव्हेंबर 1978 रोजी बट्टिकलोआजवळ धडकलेल्या चक्रीवादळाने शेकडो बळी घेतले होते.

या बेटाशी जैनांचा संबंध फार जुना आहे. पांडुकाभय राजाने अनुराधपूर येथे निगंठांसाठी, म्हणजे निर्ग्रंथ मुनींसाठी, निवास बांधल्याचा उल्लेख ‘महावंस’ या पाली ग्रंथात आहे. पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वट्टगामणी राजाने एका निगंठाचा आश्रम पाडून तेथे अभयगिरी विहार उभारला, असेही तोच ग्रंथ सांगतो. आज जैन यात्रेकरूने पाहावे असे त्या निवासाचे काही तेथे उरलेले नाही. अनुराधपूरला जाणाऱ्या जैन कुटुंबाला ही स्मृती मात्र ठाऊक असावी.

त्याच अनुराधपुरात ऋतूची एक गंमत दिसते. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास आषाढाच्या सुमारास सुरू होतो आणि तीन महिने चालतो. ही रीत मगधाच्या पावसाला धरून पडलेली. अनुराधपूरच्या परिसरात मात्र हे महिने कोरडे असतात. तेथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीत पडतो आणि तो साठविण्यासाठी प्राचीन राजांनी विस्तीर्ण तलाव बांधले. नियम भारतातून आला, पाऊस मात्र बेटाच्या स्वतःच्या क्रमानेच पडत राहिला.

जैन शास्त्र आचरणाचा विचार द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अंगांनी करावयास सांगते. पंचांगाने काल कळतो; क्षेत्र बदलले की त्या कालाचा अर्थही बदलतो. पावसात ओल्या भूमीवर जीवोत्पत्ती वाढते, म्हणून पाऊल आवरावयाचे, हा चातुर्मासामागील यत्नाचार आहे. तो मानणाऱ्या कुटुंबाने कार्तिकात लंकेच्या चिखलवाटांवर उतरणे म्हणजे एक पावसाळा संपवून दुसऱ्यात पाऊल टाकणे होय.

मग जावे केव्हा? जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. पश्चिम, दक्षिण आणि डोंगराळ भाग तेव्हा कोरडे असतात व पूर्वेकडील पाऊसही ओसरू लागलेला असतो. श्रीपाद शिखराची यात्राही मार्गशीर्ष पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंतच भरते. स्थानिकांनी निवडलेला हा काळ पुरेसा बोलका आहे. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी गॉल-बेंटोटाचा किनारा धरावा, पूर्व किनारा सोडून द्यावा. एप्रिलमध्ये दुपारनंतर गडगडाटी सरी येतात, म्हणून फिरणे सकाळीच उरकावे. शाळांच्या सुट्टीमुळे मे महिनाच मोकळा असेल, तर नैर्ऋत्य भाग टाळावा. मे 2017 मध्ये तेथील पुरात आणि दरडींखाली दोनशेहून अधिक माणसे दगावली. मे महिन्यात त्रिंकोमाली, अनुराधपूर, पोलोन्नरुवा ही दिशा बरी. ऊन मात्र कडक असते. नुवारा एलिया सुमारे 1,870 मीटर उंचीवर असल्याने जानेवारी-फेब्रुवारीत तेथे रात्री लोकरीचे कपडे लागतात.

रत्नांचा व्यवहार करणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. नीलमासाठी प्रसिद्ध असलेल्या रत्नपुऱ्यात भातखाचरांतून खोल विहिरीसारखे खड्डे खणून रत्ने काढतात. पावसात त्या खड्ड्यांत पाणी भरते, कळू गंगेला पूर येतात आणि रस्तेही अडतात. सौदा व सहल एकत्र साधावयाची असेल, तर तेथेही फेब्रुवारीच बरा.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. बेट विषुववृत्ताजवळ असल्याने कोलंबोत सूर्यास्त वर्षभर साधारण पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान होतो. घड्याळ भारतासारखेच असले, तरी मे महिन्यात मुंबईत सात वाजता सूर्य दिसतो, तेथे तोवर अंधार झालेला असतो. निवासस्थानी भोजनाची वेळ साडेपाचची ठरवून ठेवावी आणि डोंगरातून परतण्याचा बेत त्याआधीचा आखावा.