ज्वारीचा हप्ता

वर्धा जिल्ह्यातल्या एका शाखेत मी पीककर्जं वाटत होतो, तेव्हा मधुमेह म्हणजे शेटजींचा आजार, अशी आमची समजूत होती. परवा हिंगणघाटकडच्या एका जुन्या खातेदाराकडे गेलो. माणूस काडीसारखा, पाच एकर कपाशी स्वतः निंदणारा. आणि खुंटीवरच्या पिशवीत मेटफॉर्मिनच्या गोळ्या. "साहेब, आमी कधी पेढे खाल्ले जी?" त्यानं विचारलं.

प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्याचं निम्मं उत्तर शोधलं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली ३.५ किलोची; पण आपल्या हडकुळ्या बाळांत चरबी शाबूत आणि स्नायू मात्र कमी. असा देह पुढे थोडा जरी सुटला, तरी इन्शुलिन अपुरं पडतं. म्हणून काट्यावरच्या वजनापेक्षा कमरेला टेप लावावा. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत आणि सुमारे साडेतेरा कोटी उंबरठ्यावर. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, तो हा उंबरठा. मीही ११८ वर होतो. कर्ज थकीत व्हायच्या आधीच वसुलीला जावं, हे नोकरीत शिकलो होतो; स्वतःच्या बाबतीत मात्र दोन वर्षं घालवली. आहार आणि चालणं एवढ्यावर मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटतो, हे चेन्नईच्या प्रयोगानं २००६ सालीच दाखवलं होतं!

उरलेलं उत्तर ताटात आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं ऐंशीच्या दशकात खेड्यांसाठी आरोग्यविमा चालवला. हप्ता पैशांत नव्हे, सुगीनंतर ज्वारीत. आज तो हप्ता भरायचा म्हटलं, तर ज्वारी आणायची कुठून? शिवारात सोयाबीन आणि कपाशी, ताटात रेशनचा गहू-तांदूळ. ज्वारी म्हणजे औषध नव्हे. चार भाकरींनीही साखर चढतेच. पण भाकरीसोबत डाळ, अंबाडीची भाजी असे, तसं भाताच्या ढिगासोबत होत नाही.

निघताना त्याच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी, टाचेला भेग. मधुमेह्याला काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते, पाय जातो. चप्पल घाल, रोज रात्री तळवे बघ, वर्षातून एकदा डोळे दाखव, असं बजावलं. ज्वारीचंही विचारलं.

"पेरली होती जी, घरापुरती," तो म्हणाला. "डुकरायनं एका रातीत आडवी केली."