राजासॉरसला भेटायचं तर घाटातूनच जा

सुट्टी लागली की काळेवाडीतल्या सोसायट्यांमध्ये इमॅजिकाचे बेत सुरू होतात. कॉलेजातल्या पोरांना नायट्रोचं वेड. त्या उंच रुळांवरून उलटंपालटं होऊन आलं की त्यांची सहल सार्थकी लागते. लहानांना कार्टूनची पात्रं हवी असतात. मला विचाराल तर खोपोली-पाली रस्त्यावरच्या, २०१३ साली सुरू झालेल्या या पार्कातला सगळ्यात मोलाचा कोपरा राजासॉरसचा. ‘राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर’ असं त्या राइडचं नाव. होडीत बसायचं, पाण्याच्या वाटेने हलत्या-गुरगुरत्या डायनासोरांमधून जायचं आणि शेवटी उतारावरून धाडकन पाण्यात यायचं. अशा राइड जगात पुष्कळ आहेत, पण तिथे राज्य असतं अमेरिकेच्या टी-रेक्सचं. इथे मान आपल्या मातीतल्या जनावराला मिळाला आहे, आणि त्यासाठी ही राइड आखणाऱ्यांचे मनापासून आभार मानायला हवेत.

हे जनावर कल्पनेतलं नाही. गुजरातेत बालासिनोरजवळ रहियोली नावाचं गाव आहे. त्या भागातल्या सिमेंटच्या एका खाणीत १९८१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या माणसांना चुनखडीत गोल गोल गोळे दिसले. ती डायनासोरची अंडी निघाली. मग सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी १९८२ ते १९८४ या काळात रहियोलीत खोदकाम केलं आणि हाडांचा मोठा साठा बाहेर काढला. ती हाडं नीट लावून, तपासून, अशोक साहनी, जेफ्री विल्सन, पॉल सरेनो आदी संशोधकांनी २००३ साली त्यांना नाव दिलं ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’. मागच्या दोन पायांवर चालणारा हा शिकारी. कवटीवर, कपाळाच्या बाजूला, एकच बुटकं शिंग. त्याचे जवळचे भाऊबंद मादागास्करमध्ये सापडतात, दूरचे थेट दक्षिण अमेरिकेत, कारण हे सगळे भूभाग कधीकाळी एकाच खंडाचे तुकडे होते. राजासॉरस जगला तेव्हा मात्र भारत एकटाच समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता. हिमालय अजून उभा राहायचा होता.

पार्कात रांग लांब असते. तो वेळ मोबाइलवर घालवू नका, राजासॉरसची ही गोष्ट मुलांना सांगा. होडीत बसल्यावर त्यांना शिंग शोधायला लावा. कुठल्या डायनासोरला आहे, कुठल्याला नाही, असेल तर नेमकं कुठे? हेही सांगा की हाडांवरून शिंग कळतं, दात कळतात, साधारण लांबी कळते. कातडीचा रंग आणि ती डरकाळी कलाकारांनी आपल्या अंदाजाने दिलेली आहे. मुलांना हा फरक लगेच समजतो आणि त्यांचे प्रश्न वाढतात. भिजायची तयारी ठेवूनच बसा, पुढच्या रांगेत तर नक्कीच. कोरडे कपडे सोबत असू द्या. जमलं तर आठवड्यातल्या मधल्या वारी, सकाळीच या राइडला जा. लहान मूल बरोबर असेल तर उंचीची अट फाटकावरच्या फलकावर आधी वाचा, म्हणजे रांगेच्या टोकाला जाऊन रडारड होत नाही.

पण माझ्या लेखी ही सहल पार्कात सुरूच होत नाही, ती घाटात सुरू होते. आपण काळेवाडी फाट्यावरून डांगे चौक, रावेत करत किवळ्याला महामार्गाला लागतो. लोणावळा ओलांडलं की गाडी चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघावं, बाकीच्यांनी डोंगर बघावेत. सह्याद्रीचे कडे एकावर एक रचलेल्या थरांचे आहेत. पावसाळ्यात धबधबे त्या थरांवरून पायरी पायरीने उतरतात तेव्हा हे अगदी स्पष्ट दिसतं. यातला जवळजवळ प्रत्येक थर म्हणजे वाहत येऊन थिजलेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून हा लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि दख्खनभर पसरला. झीज होऊनही आज त्याचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर बराच काळ गेला, त्याची माती झाली आणि वरून दुसरा लाव्हा आला, अशी त्या पट्ट्याची साक्ष. भूवैज्ञानिकांनी तर या थरांच्या एका गटाचं नावच खंडाळ्यावरून ठेवलं आहे. थांबायचं असेल तर घाटात रस्त्याच्या कडेला मुळीच थांबू नका. जुन्या रस्त्याने राजमाची पॉइंटला जा, तिथून कडे निवांत दिसतात.

राजासॉरसची हाडं ज्या खडकात मिळाली तो खडक या लाव्हाच्या खालचा. म्हणजे त्याचं जग आधी आणि त्यावर हे काळं पांघरूण नंतर. डायनासोर संपले त्याला मेक्सिकोत येऊन आदळलेला अशनी मुख्यतः कारणीभूत, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. दख्खनच्या या उद्रेकाचा त्यात वाटा किती, यावर वाद आजही चालू आहे. ज्या घाटातून आपण वडापाव खात उतरतो, तो घाट जगातल्या एवढ्या मोठ्या वादातला साक्षीदार आहे, हे आपल्या मुलांना शाळेत जाण्याआधी कळायला हरकत नाही.

आणि हा कातळ घाटातच आहे असंही नाही. काळेवाडीला लागून वाहणाऱ्या पवनेच्या पात्रातला काळा दगड तोच. इमारतीचा पाया खणताना मुरमाखाली लागतो तोही तोच, आणि स्लॅबमधली खडीही बहुधा त्याचीच.

इमॅजिकाचं तिकीट प्रत्येक घराला परवडत नाही. त्यांच्यासाठी पिंपळे गुरवचं राजमाता जिजाऊ उद्यान आहे. काळेवाडीतून रहाटणी, पिंपळे सौदागर पार केलं की आलंच. सगळे त्याला डायनासोर गार्डन म्हणतात. तिथले भलेमोठे पुतळे बघायला शनिवार-रविवारी संध्याकाळी झुंबड असते. मुलं पुतळ्यांखाली उभी राहून मान वर करून बघत असतात.

महापालिकेकडे माझी एकच मागणी आहे. या बागेत राजासॉरसला जागा द्या आणि त्याच्या शेजारी इसिसॉरस उभा करा. हा शाकाहारी, पुढचे पाय भलतेच लांब असलेला डायनासोर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात तो खोदून काढला. जवळच पिसदुऱ्याला डायनासोरांची दगड झालेली विष्ठा मिळाली आणि २००५ साली तिच्यात गवताचे अंश सापडले. डायनासोरांच्या काळात गवत होतं याचा हा पुरावा जगभर गाजला, आणि तो विदर्भातून गेला. पुतळ्याखालच्या पाटीवर हे सगळं मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा. पाटी उभी करताना ती पहिली-दुसरीतल्या मुलाच्या नजरेच्या उंचीवर येईल एवढं मात्र बघा.